गल्लीखालून पाइप गेला आणि आमचा सोपा ११ मिलिमीटर बसला

मागच्या शनिवारी शेवटचा हप्ता खात्यात जमा झाला म्हणून आता निवांत लिहायला बसलेय. जानेवारी ते ऑक्टोबर २०२५, पुरे दहा महिने गेले यात. सुरुवातीला मी नेटवर मराठीत लई शोधलं, की गल्लीखालून भुयार करून ड्रेनेजचा पाइप टाकला आणि घराला तडे गेले तर माणसानं नेमकं करायचं काय, पण जे मिळालं ते सगळं मेट्रोचं, आमच्यासारख्या चार मीटर खोलीवरच्या बारक्या भुयाराबद्दल काहीच नाही. म्हणून हे. खातं, कंत्राटदार कुणाचंच नाव घेणार नाहीये, कारण नाव घेतलं की लोक नावावरच भांडत बसतात.

आमचं घर कोल्हापूरच्या जुन्या भागात, पंचगंगेकडं उतरत जाणाऱ्या एका गल्लीत. दगडी जोतं, वर विटा आणि चुना, पुढं सोपा, मग माजघर, मागं थोडं परडं. भाऊ पुण्यात असतो, घरात मी आणि आई. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाणी गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबलं होतं, तेव्हाही भिंतीला काही झालं नव्हतं, हे आई अजून प्रत्येकाला सांगते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये गल्लीत कागद चिकटवला. रस्ता न उकरता काम होणार, म्हणजे कोपऱ्यावर एक मोठा खड्डा, पलीकडच्या चौकात दुसरा, आणि मधे जॅक लावून सिमेंटचे पाइप एकामागं एक जमिनीतून ढकलत न्यायचे. गल्ली खूश. धूळ नाही, गाड्या अडणार नाहीत. एक पोरगं येऊन प्रत्येक घराच्या दाराचा मोबाईलवर एकेक फोटो काढून गेलं, आम्हाला वाटलं घरपट्टीचं काहीतरी असेल. तो म्हणजे काम सुरू होण्याआधीचा 'घरांचा सर्व्हे' होता हे मला एप्रिलमध्ये कळलं. तुमच्या गल्लीत असं काम येणार असेल तर त्यांच्या पोराची वाट बघू नका, स्वतः घराच्या आतल्या-बाहेरच्या प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, खिडक्यांचे कोपरे जवळनं काढा आणि ते सगळे स्वतःलाच ईमेल करून ठेवा म्हणजे तारीख राहते.

डिसेंबरात खड्डा झाला. त्यातनं पाणी उपसायला पंप रात्रंदिवस चालू, झोपेचं खोबरं. ९ जानेवारीला पाइपचं तोंड आमच्या दारापुढं आलं, हे मला माहीत असायचं कारण एवढंच की सुपरवायझर चहाला आमच्याच पायरीवर बसायचा.

रविवारी १२ तारखेला सोप्याच्या दाराची कडी लागेना. आई म्हणाली लाकूड फुगलं असेल. थंडीत लाकूड कुठलं फुगतंय, पण मीही दाराला खांदा लावून कडी घातली आणि विसरून गेले. संक्रांतीला शेजारच्या काकी तिळगूळ द्यायला आल्या आणि त्यांनीच वर बघून विचारलं, "अगं, हे काय?" खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातनं तिरकी निघून छताकडं गेलेली भेग, वर रुंद आणि खाली येताना केसासारखी बारीक. दिवाळीत रंग काढलेली भिंत. माझ्या पोटात गोळाच आला, खरं सांगते. रात्री मी झोपायची जागा बदलली, आई मात्र तिथंच झोपली, म्हणाली हे घर तुझ्या आज्ज्यानं बांधलंय, पडायचं असतं तर पुरात पडलं असतं.

१६ तारखेला सुपरवायझरला आत बोलावून दाखवलं. त्यानं भिंतीला हातसुद्धा न लावता सांगितलं, "मॅडम, काळी माती हाय. उन्हाळ्यात आक्रसती, पावसात फुगती. जुन्या घरांना असले तडे असतातच." ऐकून मला पटलंसुद्धा! कारण काळ्या मातीचं ते खरंच आहे, आपल्याकडं कितीतरी घरांना त्यानंच भेगा पडतात. पण जानेवारीत, तीन दिवसात?

पहिली अक्कल दिली मामेभावानं. तो उद्यमनगरात मशीन शॉपला आहे. संध्याकाळी आला, भेग बघितली आणि म्हणाला, "ताई, रडत बसू नको, आधी मोज." दुसऱ्या दिवशी शाळा-कॉलेजच्या लॅबचं सामान मिळतं त्या दुकानातनं काचेच्या पातळ पट्ट्या आणल्या आणि भेगेवर आडव्या, दोन्ही टोकांना अॅरल्डाइटनं चिकटवल्या (भेग आणखी उघडली की काच तडकते, म्हणजे लगेच कळतं), पेन्सिलनं तारीख टाकली १७/१/२५. शिवाय भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक बारका स्क्रू पक्का बसवला आणि दोन स्क्रूंमधलं अंतर व्हर्निअरनं घेतलं. सगळा खर्च २६० रुपये. व्हर्निअर त्याचाच. भेग पहिल्या दिवशी १.८ मिलिमीटर रुंद होती, पुढं स्क्रूंमधलं अंतर जितकं वाढेल तितकं त्यात मिळवत जायचं.

२३ तारखेला सकाळी काच तडकलेली. वहीत नोंद २.९. ३१ तारखेला ३.६. १५ फेब्रुवारीला ४.१. मी अकाउंट्समध्ये काम करते, वह्या ठेवायची खोडच आहे, पण ही वही उघडताना हात थरथरायचे. तेव्हा वाटायचं ह्यानं काय होणार आहे.

२० जानेवारीला पहिला लेखी अर्ज दिला. आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही, ही पहिली गोष्ट. क्लार्क म्हणाला ठेवून जा, मी म्हटलं पोच द्या मग जाते, मग वीस मिनिटं शिक्का सापडत नव्हता, मी उभीच, मग सापडला. ३ फेब्रुवारीला एक ज्युनियर इंजिनिअर आले, चांगले होते बोलायला, चहा घेतला, पण त्यांचंही तेच, घर जुनं, माती काळी. कंत्राटदाराचा माणूस सोबत होता तो हळूच म्हणाला, "मॅडम, कशाला एवढं, सेटलमेंट करून टाकू." आई माजघरातनं ओरडली, "झाली की सेटलमेंट! भिंत बघा की!" तिला तो शब्द मी आदल्या दिवशीच सांगितला होता, जमीन बसते त्याला इंजिनिअर लोक सेटलमेंट म्हणतात म्हणून.

त्याच दरम्यान नळाचं पाणी बारीक झालं. प्लंबर म्हणाला गल्लीतला सांधा निखळलाय, जमीन खाली गेली की पाइपही ओढला जातो. ७०० रुपये. हे लगेच बघून घ्या बरं का, कारण गळणारं पाणी खालची माती धुऊन नेतं आणि मग आणखी बसतं.

२२ फेब्रुवारीला स्वतःच्या पैशानं स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलावले. त्यांची फी ९,००० आणि घर कुठं किती खाली गेलंय ते मोजणाऱ्या लेव्हलवाल्याचे ३,०००. साठीचे गृहस्थ, मी काकाच म्हणायला लागले. त्यांनी भेग बघायच्या आधी दारातनं गल्लीच्या मध्यापर्यंत टेप लावला. २.३ मीटर. मग वहीच्या पाठीमागं चित्र काढून समजावलं ते मी आयुष्यात विसरणार नाही.

पाइप ढकलताना जेवढी माती पाइपला जागा द्यायला काढायची त्याहून थोडी जास्तच येते. तोंडाशी माती आत ढासळते, पाइप सहज सरकावा म्हणून भोक पाइपपेक्षा थोडं मोठं ठेवतात ती फट राहते, आणि पंपानं भूजल उपसलं की ओली माती पाणी सोडून दबत जाते. ही जी जास्तीची जागा झाली ती वरची जमीन खाली येऊन भरून काढते. गादीवर कुणी मधोमध बसलं की कडेनं उतार होतो तसा रस्त्यावर खोलगट आकार होतो, उलट्या घंटेसारखा. १९६९ साली पेक नावाच्या अमेरिकन इंजिनिअरनं मेक्सिकोतल्या परिषदेत तो मांडला आणि आजही सगळे तोच वापरतात. चिकण मातीत त्या घंटेचा सगळ्यात तीव्र उतार असतो भुयाराच्या मध्यापासून साधारण खोलीच्या निम्म्या अंतरावर. आमचा पाइप ४ मीटर खोल, म्हणजे उतार २ मीटरवर. आणि आमची पुढची भिंत २.३ वर! भुयार उथळ म्हणजे धोका कमी असं मला वाटायचं, पण उलटं आहे, तेवढीच माती हरवली तर खोल भुयारावर खड्डा पसरट आणि हलका पडतो, उथळ भुयारावर अरुंद आणि खोल. अरुंद गल्लीत तो नेमका उंबऱ्याखाली येतो.

भेग वर रुंद आणि खाली बारीक म्हणजे भिंतीचं पुढचं टोक खाली गेलंय आणि मागचं जागेवर आहे, हेही त्यांनी सांगितलं. काळ्या मातीची भेग असेल तर ती ऋतूप्रमाणं उघडमीट करणार. "वही चालू ठेवा पावसाळ्यापर्यंत, आणि भेग बुजवू नका," एवढं बजावून गेले. घाण दिसते म्हणून आईनं पुट्टी आणून ठेवली होती, ती मी ऑफिसात नेऊन ड्रॉवरमध्ये ठेवली.

रिपोर्ट ८ मार्चला आला. त्यात लिहिलेलं नुकसान 'किरकोळ'. आईचा पारा चढला. पण ते बरलंड नावाच्या इंजिनिअरच्या १९७७ च्या वर्गवारीतलं आहे, जगभर तीच वापरतात, भेग १ मिलिमीटरपर्यंत असेल तर अति किरकोळ, ५ पर्यंत किरकोळ, १५ पर्यंत मध्यम, २५ च्या पुढं गेलं तर भिंत पुन्हा बांधावी लागू शकते. आमची ४.२. कागदावर 'किरकोळ' वाचून घाबरू नका, नुकसान झालंय हे तर त्यात मान्यच आहे. मात्र घर पडणार बिडणार नाही हे वाचून मी त्या रात्री पहिल्यांदा नीट झोपले.

आता पुरावा. काम सुरू व्हायच्या आधी भिंत चांगली होती हे कशावरनं? त्या पोराच्या फोटोत तर नुसतं दार. आणि मग आठवला आमचा पेंटर! दिवाळीआधी, २६ ऑक्टोबरला, उरलेले पैसे मिळावेत म्हणून त्यानं व्हॉट्सअॅपवर अकरा फोटो पाठवले होते, 'काम कंप्लीट ताई', आणि मी त्याला चार दिवस पैसे दिले नव्हते म्हणून पुन्हा तेच अकरा. त्यातल्या तिसऱ्या फोटोत ती खिडकी, तो कोपरा, स्वच्छ. त्याचे पैसे थकवल्याचं मला पहिल्यांदा बरं वाटलं.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज ५ फेब्रुवारीलाच टाकला होता. अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, महाराष्ट्रात १५० शब्दांची मर्यादा आणि एका अर्जात एकच विषय, म्हणून मी दोन केले. एकात जमीन बसल्याच्या मोजणीचं रजिस्टर आणि रोजची कामाची डायरी मागितली, दुसऱ्यात विम्याची पॉलिसी. 'का केलं नाही' असले प्रश्न विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही, कागदाची प्रत मागा. ३० दिवस झाले, काही नाही. १० मार्चला पहिलं अपील, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प. २ एप्रिलला सुनावणी, ९ एप्रिलला ६४ पानं हातात. क्लार्क म्हणाला पानाला २ रुपये, १२८ भरा. मी कलम ७(६) दाखवलं, मुदत उलटून गेली की माहिती फुकट द्यावी लागते. १२८ रुपयांसाठी नाही हो, पण दोन महिन्यांत पहिल्यांदा मला काहीतरी माहीत होतं आणि समोरच्याला नव्हतं.

त्या ६४ पानांत सगळं होतं. रस्त्यात ठोकलेल्या खिळ्यांची मोजणी, आमच्या दारासमोरचा खिळा ९ जानेवारीला ४ मिलिमीटर खाली, १० ला ९, ११ ला १७, १३ ला २२. वर त्यांनीच छापलेलं, १० मिलिमीटर झालं की काम थांबवा आणि कळवा. १३ नंतर थेट ३१ जानेवारीपर्यंत रकाने कोरे. आणि डायरीत १० तारखेला पेन्सिलनं, 'समोरून पाण्यासह गाळ आत, काम ४ तास बंद'. मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये बसून वाचत होते, चहा तसाच गार झाला.

रात्री मी काकांच्या सूत्रानं हिशोब मांडला. पाइप बाहेरून ११०० मिलिमीटर. त्यांच्या कामाच्या आराखड्यात धरलेलं की जास्तीची माती २ टक्के येईल, म्हणजे मीटरमागं १९ लिटर, एक बादली, त्यानं रस्ता मध्यावर ४ मिलिमीटर बसायचा. प्रत्यक्षात बसला २२, म्हणजे मीटरमागं ११० लिटर. एका बादलीच्या जागी सहा बादल्या माती आमच्या गल्लीखालनं गेली. आणि २२ मध्यावर असेल तर २.३ मीटरवर येतात ११. लेव्हलवाल्यानं जोत्याच्या पुढच्या आणि मागच्या टोकात फरक काढला होता १२. काकांना फोन केला तर ते फक्त हसले, म्हणाले तुम्ही अकाउंट्स सोडा.

मग लोकशाही दिन, म्हणजे लोकांच्या तक्रारी अधिकारी समोर बसवून ऐकतात तो दिवस. तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, अर्ज १५ दिवस आधी आणि दोन प्रतीत. ५ मे चा नंबर मिळाला. चार तास बसल्यावर बोलायला मिळाली तीन मिनिटं. मी भाषण तयार करून नेलं होतं ते बाजूला ठेवलं आणि एकच पान पुढं केलं, वर पेंटरचा फोटो, मधे खिळ्यांचे आकडे, खाली माझी वही. उन्हाळा ऐन भरात होता आणि भेग फेब्रुवारीअखेरपासून ४.२ वरच, एप्रिलमध्ये एकदाच ४.३. काळी माती असती तर मे महिन्यात ती भेग वाढायला नको होती का? कुणी उत्तर दिलं नाही, पण १५ दिवसांत संयुक्त पाहणीचा आदेश निघाला.

२१ मेच्या पाहणीत पैशाचं काही ठरलं नाही, पण त्याहून महत्त्वाचं झालं, काकांनी हट्टानं पाइपभोवतीची फट भरून घ्यायला लावली. २७ ते २९ मे रस्त्यात भोकं पाडून सिमेंटचं पाणी दाबानं सोडलं, त्यालाच ग्राउटिंग म्हणतात. आमच्या घरासमोरच नऊ पोती आत गेली! ती तशीच पोकळ राहिली असती तर पावसात काय झालं असतं कोण जाणे. तुम्हाला पैसे आणि ग्राउटिंग यातलं एकच आधी मागायचं असेल तर ग्राउटिंग मागा.

विम्याचं थोडक्यात सांगते. कंत्राटदाराची 'कार पॉलिसी' आहे म्हणाले, मला वाटलं गाडीची. ती म्हणजे कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क. १२ जूनला सर्व्हेअर आले, फोटो काढले, सभ्य माणूस. ४ जुलैला नकार. कारण बहुतेक अशा पॉलिसीत शेजारच्यांच्या नुकसानीतनं कंपन आणि आधार कमकुवत होणं हे वगळलेलं असतं, त्यासाठी वेगळं जादा कव्हर घ्यावं लागतं, आणि आमच्या कंत्राटदारानं ते घेतलं नव्हतं. भुयाराच्या कामात दुसरं काय होणार आहे हो शेजाऱ्याला, आधारच जाणार की! तुमच्या गल्लीत काम सुरू व्हायच्या आधी हे एक कलम बघून ठेवा, पॉलिसी आहे का एवढंच विचारू नका.

शेवटी कंत्राटदारालाच खिशातनं द्यावे लागले, मला वाटतं रजिस्टरचे कोरे रकाने पुढं जायला नको होते म्हणून. काकांचं एस्टिमेट १,८६,०००. कंत्राटदाराची पहिली ऑफर ४०,०००. जुलैभर फोन चालू. जून-जुलैच्या पावसातही भेग ४.२ च राहिली, तो आकडा मी दर आठवड्याला त्यांना नुसता मेसेज करायचे, खाली एक ओळही नाही. १९ ऑगस्टला १,२५,००० वर आलो, दोन हप्ते. ऑक्टोबर २०२४ पासून शंभराचा बाँड पाचशेचा झालाय, तो त्यांनी आणला. मसुद्यात 'यापुढे कोणतीही तक्रार राहणार नाही' होतं, वकिलांनी २,५०० घेतले पण ते वाक्य काढून 'आजपर्यंतच्या नुकसानीपोटी' असं करून दिलं आणि वर्षभर मोजणी चालू ठेवायची अट घातली. एवढ्यावर मान्य करायला नको होतं असं भावाचं मत आहे. असेल. तो पुण्यात होता.

दुरुस्ती पाऊस संपल्यावरच केली, २० सप्टेंबर ते ११ ऑक्टोबर. गवंडी सिमेंट म्हणत होता, काकांनी चुनाच वापरायला लावला कारण जुनी चुन्याची भिंत आणि कडक सिमेंट एकमेकांना जुमानत नाहीत, शेजारी नवी भेग पडते. सांध्यांत स्टेनलेस स्टीलच्या बारक्या सळ्या घालून भिंत शिवली. खर्च १,३८,०००. रिपोर्ट, लेव्हल, वकील, प्लंबर, झेरॉक्स-स्टॅम्प-रिक्षाचे १,४०० आणि काचा धरून वरखर्च १६,८६०. म्हणजे २९,८६० रुपये आमचे गेले आणि माझ्या चौदा हाफ डे. दाराची चौकट सुतारानं परत ओळंब्यात बसवली, आता कडी एका बोटानं लागते, आई येणाऱ्या-जाणाऱ्याला लावून दाखवते.

पेंटर तोच बोलावला. स्क्रू काढू का विचारत होता, मी म्हटलं राहू दे, अजून वर्षभर मोजायचंय. काम संपल्यावर पैसे लगेच दिले तरी त्यानं सवयीनं फोटो पाठवलेच, आठ. मी म्हटलं बाकीच्या भिंतींचे पण पाठव. व्हर्निअर अजून माझ्याकडंच आहे, मामेभाऊ दर रविवारी मागतो.